काल कुठवर आले होते

बाई, मी कोण ते आठवतंय का, की तेही मीच सांगायचं? तुमच्या डोक्याचा भरवसा मला कधीच नव्हता. डबा आणलाय की नाही हे तुम्ही दुपारी पिशवीत हात घालून बघायचात, आणि निघाला तर कुणी अचानक आहेर केल्यासारख्या खूश व्हायचात. एकदा तर एका पायात तुमची आणि एका पायात माझी चप्पल घालून अंबरनाथपर्यंत गेलात आणि दुसऱ्या दिवशी तशाच परत आलात. म्हणून आधीच सांगून ठेवते. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या गल्लीत, जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर, खिडकीखाली तुमच्या उजव्या हाताला बसायची ती मी. बदलापूरकडून यायची ती. सोनिवलीची.

लिहितेय ती माझी नात. मला अक्षर येत नाही हे तरी तुम्ही विसरला नसाल. मी बोलते आणि ती लिहिते, आणि मधेच थांबून म्हणते, आजी, हे असं लिहीत नाहीत. मी तिला म्हटलं, तू हात चालव, तोंड माझं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आत्ताच हे काय काढलंस असं तुम्ही विचाराल, तर सांगते. मागच्या रविवारी ती आली होती. ती म्हणजे कोण, हे मला सांगायला लावू नका. तुमची लाडकी.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. माझ्या नवऱ्याची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मी पहिल्यांदा गावाबाहेर कामाला निघाले. शेतावर मी पुरुषासारखी राबलेली बाई, पण त्या माळ्यावर चढताना मी दर पायरीला कठडा धरत होते. खाली मशिनी धडधडायच्या. वर शिवून आलेल्या पँटींचा ढीग पडायचा आणि त्याच्याभोवती आम्ही दहा-बारा बायका बसून शिलाईचे लोंबते धागे कापायचो. कापडाचा निळा रंग बोटांत असा भिनायचा की घरी भात वाढताना माझा मुलगा म्हणायचा, आई, तू वाढू नको. सगळ्या बायका शहरातल्या, पटपट बोलणाऱ्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी. मी पदर तोंडावर घेऊन बसायचे. तोंड उघडलं की गाव बाहेर येणार आणि या हसणार, म्हणून कित्येक दिवस मी हूं आणि उंहूं एवढ्यावरच काढले.

तुम्ही आमच्यात वयानं मोठ्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, नवरा गेलेला, अंबरनाथच्या चाळीत एकट्या. हात चालू ठेवून तुम्ही गोष्टी सांगायचात. त्यांना दाखले म्हणायचात. येशू लोकांना असंच सांगायचा म्हणे, शेतातलं, घरातलं, पंगतीतलं. आम्हाला दाखला म्हणजे तलाठ्याकडचा, चार खेपा घातल्याशिवाय न मिळणारा. तुमचे मात्र रोज मिळायचे, तुकड्यातुकड्यांनी. चहावाला आला की गोष्ट जिथं असेल तिथं थांबायची. दुसऱ्या दिवशी पहिली पँट मांडीवर घेतली की तुम्ही विचारायचात, "काल कुठवर आले होते गं?"

एक दिवस ते तुम्ही मला विचारलंत. पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. बी घेऊन निघालेला शेतकरी, थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत, थोडं चांगल्या जमिनीत. मी मान खाली घालून म्हटलं, "त्यानं बी वाटंवर सांडलान, तवर." सगळ्या खिदळल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही धागे कापायचा कटर खाली ठेवलात आणि विचारलंत, "का गं, तुमच्यात असं सांडत नाहीत?" मग मला राहवेना. मी म्हटलं, असा कसा हा शेतकरी, बी काय फुकट आलंय? आमच्यात आधी जमीन भाजतात, तिथं रोप करतात, मग एकेक जुडी उपटून चिखलात लावतात. वाटेवर बी फेकणाऱ्याला सासरा घरात घेणार नाही. तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर. हा शेतकरी वेडाच आहे. कुठं उगवेल याचा हिशोबच करत नाही. सगळीकडे टाकत सुटतो." आणि पुढं तो दाखला जेव्हा जेव्हा सांगितलात तेव्हा आधी म्हणायचात, सोनिवलीला असं करत नाहीत, पण हा माणूस निराळा होता. बाई, देवाच्या गोष्टीत माझं गाव आलं. त्या दिवसापासून मी रोज बोलायला लागले. "काल कुठवर आले होते गं" हा प्रश्न माझा झाला. तुम्ही विसरायचात आणि मी सांगायचे. दुसऱ्या कुणी मधे बोललं तर मी अशी बघायचे की तिनं धागाच कापावा.

मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, की हा तुमचा येशू एवढा शहाणा, तर सरळ का नाही सांगायचा? खोटं बोलू नका, शेजाऱ्याला मदत करा, संपलं. उगाच मेंढरू हरवलं, नाणं हरवलं, घर झाडत बसली. तुम्ही म्हणालात, "सरळ सांगितलं की माणूस हो म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो. गोष्ट सांगितली की भांडत बसतो. आणि जोवर भांडतोय तोवर विसरत नाही." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही का विसरता? तर तुम्ही तुमचं ते बारीक हसलात आणि म्हणालात, "माझं वय झालं गं."

मग ती आली. मागच्या गल्लीतली सिंध्यांची पोरगी, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. मराठी धड येत नाही, काम धड येत नाही. पँट मांडीवर घ्यायची आणि तिच्यावर टपटप रडायची. शेठ एकदा वर आला, ओली पँट हातात धरून म्हणाला, "धुलाई का काम बाद में होता है, बेटी. तू अभी से मत धो." आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जरा सरक गं तिकडे." मी सरकले. तुमच्या उजव्या हाताची जागा मी तिला दिली, म्हणजे तुम्ही दिलीत. मी खिडकीपासून लांब, काजबटणवालीच्या घामाजवळ. मग पदराखाली ठेवलेली जुन्या लुगड्याची पट्टी काढून तुम्ही तिच्या कटरच्या दांड्याला गुंडाळून दिलीत, अंगठ्याला फोड येऊ नये म्हणून. घट्ट गाठ मारलीत, दातानं दोरा तोडलात. मी बघत होते. माझ्या मनात आलं, माझ्या अंगठ्याचं कधी कुणाला पडलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पँट उचलली, तोंडात उत्तर तयार, आणि तुम्ही मान उजवीकडे वळवलीत. "काल कुठवर आले होते गं?" तिला. जिला नाव विचारलं तरी डोळे भरायचे तिला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता बोबडी वळणार. त्या आठवड्यात दोन दाखले झाले होते. एक त्या धाकट्या मुलाचा, जो बापाकडून वाटा मागून घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखतो आणि तोंड पाडून घरी येतो. बाप त्याला बघून धावत सुटतो, मेजवानी घालतो, आणि शेतावरून आलेला मोठा मुलगा रागानं दाराबाहेर उभा राहतो. तो परवाच संपला होता. काल सुरू केला होता तो मळ्याच्या मालकाचा. तो पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, मग पुन्हा जातो, दुपारी जातो, दिवस कलताना जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखीच देतो. तुम्ही त्याला नाकाच म्हणायचात, आपल्या स्टेशनबाहेर थापी आणि घमेली घेऊन माणसं उभी असतात तसा. ती खाली बघूनच बोलली, "अम्मा, वो छोटा लडका नाके पे खडा था ना."

माझ्या तोंडून निघालंच, "अगं, ती वेगळी गोष्ट. हा मुलगा त्यातला नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "हो हो, बरोबर. नाक्यावर उभा होता." आणि सुरू झालात. घरी जायला त्याला तोंड नव्हतं, म्हणून तो नाक्यावर उभा राहिला. सकाळी धडधाकट माणसं उचलली गेली. याच्याकडे कोण बघणार, दंड काड्यांसारखे, अंगाला डुकरांचा वास. दुपार झाली. मळ्याचा मालक पुन्हा आला, थोडे घेऊन गेला. हा मागं, भिंतीला टेकून. मग तुम्ही हात थांबवलात आणि सगळ्यांना विचारलंत, "तुमच्यातल्या कुणी मजूर लावलेत कधी? किती वेळा जातं माणूस नाक्यावर?" मीच म्हटलं, पहाटे एकदा. उन्हं चढल्यावर कोण जातो. तुम्ही म्हणालात, "मग हा एवढ्या वेळा का जातोय? याला मजूर हवे होते का?" ती पोरगी हळूच म्हणाली, "ढूंढ रहा था." आणि धाकटा मागं भिंतीशी, त्या मालकाला, म्हणजे बापालाच, दिसतच नव्हता. शेवटी उन्हं उतरली, सगळे गेले, तेव्हा दिसला. दिवसभर इथं का उभा आहेस? मला कुणी बोलावलंच नाही. चल.

खालच्या मशिनी बंद पडल्या होत्या की मला ऐकू येत नव्हत्या, देव जाणे. तुम्ही पुढं सांगितलंत, संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखंच पडलं. मोठा मुलगा पहाटेपासून त्याच मळ्यात राबत होता. त्यालाही तेवढंच आणि धाकट्याला तेवढंच, आणि वर घरात जेवणाचा घाट. मोठा दारात थांबला. बाप बाहेर आला आणि म्हणाला, मी हात सैल सोडला तर ते तुझ्या डोळ्यांत का खुपतंय? चहावाला आला. ती पोरगी त्या दिवशी रडली नाही. काजबटणवालीनं तिला विचारलं, "मोठा आत गेला असेल?" तर ती म्हणाली, "गया होगा. भूख तो लगी होगी." सगळ्या हसल्या. मी धागा समजून शिलाई कापली. पूर्ण कंबरपट्टी उसवली आणि ती पँट परत खाली गेली.

घरी आले तर भाकरीवर मन नाही. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "दिवसभर राबणाऱ्याला आणि तासभर आलेल्याला मालकानं सारखंच दिलं." तो ताडकन उठून बसला. "कुठल्या कंपनीत? पत्ता सांग." त्याला मी काय सांगणार. रात्रभर मी त्या मालकाशी भांडत होते. तुमच्याशी नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही मला सरळ म्हणाला असतात की तू तिच्यावर जळतेस, तर मी चार शब्द सुनावून काम सोडलं असतं. पण तुम्ही काही म्हणालाच नव्हता. मी कुणाला सुनावणार? नाक्याला?

दुसऱ्या दिवशी माठापाशी मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, "बाई, तुम्ही गोष्ट मोडलीत. पुस्तकात असं नाही." तुम्ही पेला धुवत होता. म्हणालात, "तू पुस्तक वाचलंस?" बाई, तुम्ही मला कधी टाकून बोलला नव्हता. तेवढं एकदाच. माझे कान तापले. मी म्हटलं, "मी तुमच्या तोंडून ऐकलं, तेच माझं पुस्तक. त्यात नाही." तुम्ही पेला उपडा घातलात, ओल्या हातानं माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "चुकले. मग तुझ्या पुस्तकात काय आहे, मोठा आत गेला का?" मी म्हटलं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. "मी नाही," तुम्ही म्हणालात, "त्यानंच सांगितलं नाही. बाप बाहेर येऊन बोलला आणि गोष्ट थांबली. मोठा अजून दारातच आहे." आणि कामाला बसलात. तिच्या शेजारी.

त्यानंतर प्रश्न कधी तिला, कधी मला, कधी नव्या आलेल्या कुणाला. मी मोजत नव्हते असं म्हणणार होते, पण नात माझ्या तोंडाकडे बघतेय.

तुम्ही गेलात तेव्हा अंबरनाथच्या चर्चला आम्ही सगळ्या आलो. ती आधीच पहिल्या बाकावर, सख्ख्या लेकीसारखी, डोक्यावर ओढणी घेऊन मोठमोठ्यानं रडत. पाळकसाहेब बोलले, चांगलं बोलले असतील, सरळ बोलले. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मी दारात उभी होते. ती मधेच उठून आली, म्हणाली, "दीदी, अंदर आओ ना." मी म्हटलं, तू जा, मी चपला सांभाळते. चर्चच्या दारातून चपला कोण नेणार होतं, हे तिनं विचारलं नाही.

आता मागच्या रविवारी काय झालं ते सांगते. आमच्या सोनिवलीला आता शेतांवर इमारती उभ्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं येते ती, हातात कोकीचा, त्यांच्या त्या कांद्याच्या जाड पोळीचा, डबा घेऊन. केस पांढरे झाले, मराठी अजून सुधारली नाही. दोघींच्या कवळ्या, म्हणून कोकी चहात बुडवून खात होतो. गप्पा निघाल्या आणि मी थट्टेत म्हटलं, थट्टेतच हं, "तुझं काय बाई, तू लाडकी. तुला अम्मानं कटरला पट्टी बांधून दिली. मला कुठं दिली?"

तिनं हातातली कोकी बशीत ठेवली. म्हणाली, "दीदी, क्या बोलती हो? आपके कटर पे पहले से बंधी थी. हरे किनार की. वो देखके ही तो मैंने अम्मा से मांगी."

मी म्हटलं, छे. मीच बांधली असेल. ती म्हणाली, "आपको गाठ मारनी आती कहां थी? रोज डब्बे की थैली का नाडा मेरे से बंधवाती थी."

ती गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. आणि बाई, ते आलं. हिरवा काठ आला आधी, मग त्याच्यामागून तुमचे दात आले, दोरा तोडताना. माझा पहिलाच दिवस. मी पदर तोंडावर घेऊन बसलेली, आणि तुम्ही कुणाला तरी म्हणालात, "जरा सरक गं तिकडे." खिडकीखालची जागा मोकळी झाली. कोण सरकली ते मला आजही आठवत नाही. तिचा चेहराच मी बघितला नव्हता. ती माझ्यावर किती जळली असेल?

मग मला तुमच्या विसरण्याचाच संशय आला. डबा विसरत असाल, चपलाही विसरल्या असाल. पण गोष्ट? दोन गोष्टी एकीत एक अशा बसवल्यात की कुठं सांधा दिसला नाही, आणि त्या बाईला काल कुठवर आले होते हे आठवत नव्हतं होय? मी समजत होते, माझी आठवण चांगली म्हणून तुम्ही मला विचारता. तुम्ही तर तोंडावर पदर घेतलेल्या बाईला विचारत होता. मी पहाटेच्या मजुरांतली, असं धरून आयुष्यभर त्या मालकाशी भांडले, आणि पहाटेचे तरी कुठून आणले होते त्यानं? नाक्यावरूनच. तेही उभेच होते, कुणी बोलावेल म्हणून.

तरी मला तिचा राग येतो. पट्टी माझी बघून तिनं मागितली, म्हणजे आधी माझी, एवढं तुम्ही वरती सगळ्यांना सांगून ठेवा.

नात विचारते, आजी, पत्ता काय घालू. मी म्हटलं, पत्ता असता तर मीच नसते का गेले? घडी घाल आणि तांदळाच्या डब्यात ठेव, पोरांच्या हाताला लागणार नाही असा कागद तळाशी घाल. तिनं आणखी एक विचारलं. मोठा आत गेला का? पोरांना मी झोपवताना तोच नाक्याचा दाखला सांगते, तुमच्या त्या पोरीनं बिघडवलेला, दुसरा मला आता सांगताच येत नाही. मी तिला म्हटलं, ते मला कुणी सांगितलं नाही, मी तुला का सांगू.

तुमच्याकडे आत पंगत चालू असेलच. तिथून बाहेर काही पाठवणार असाल तर मेजवानीचं नको, तुमच्या डब्यातलं पाठवा. बाजरीची भाकरी, जरा करपलेली, आणि पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त घालून. नाताळात करायच्या तशा दोन करंज्या. वेगवेगळे डबे करू नका, एकाच डब्यात दोघींचं घाला, ती येते रविवारी. आम्ही वाटून घेऊ. भाकरी मोडणार मात्र मी.